कळा, कंबर आणि एपिड्युरल : वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

प्रश्न : मला आठवा महिना सुरू असून ही माझी पहिलीच खेप आहे. कळा सुसह्य व्हाव्यात म्हणून कमरेत इंजेक्शन घ्यावे, असे माझ्या मनात आहे. परंतु माझ्या थोरल्या जाऊबाईंनी दोन वर्षांपूर्वी ते घेतले आणि तेव्हापासून आपली कंबर धरली आहे, असे त्या सांगतात. त्यामुळे सीझर करावे लागते व बाळ सुस्त जन्मते, असेही ऐकले. यात तथ्य किती?

उत्तर : जाऊबाईंची कंबर दुखत असणार, यात मला शंका नाही, शंका आहे ती कारणाविषयी. गरोदरपणात पोटाचा भार पुढे येतो, सांध्यांचे बंध सैलावतात आणि बाळंतपणानंतर वाकून पाजणे, उचलणे, पुन्हा निजवणे हे रात्रंदिवस चालते. त्यामुळे इंजेक्शनाच्या वाटेला न गेलेल्या पुष्कळ बायकांचीही कंबर दुखते, आणि इंजेक्शन घेतलेल्या व न घेतलेल्या बायकांची तुलना केल्यावर या इंजेक्शनामुळे, म्हणजे एपिड्युरलमुळे, कायमची कंबरदुखी जडते असे आढळलेले नाही. सुई टोचलेली जागा काही दिवस हुळहुळते, एवढे खरे.

शिवाय ‘कमरेतले इंजेक्शन’ या एकाच नावाखाली दोन गोष्टी मोडतात. सीझरसाठी बहुधा एकदाच टोचून कमरेखालचा भाग पुरता बधिर करतात, ते स्पायनल. कळांसाठी देतात ते एपिड्युरल, आणि त्यात सुई काढून घेतात व दोऱ्यासारखी बारीक, लवचिक नळी तेवढी आत ठेवतात. भूलतज्ज्ञ तुम्हाला खाटेच्या कडेला बसवून, पाय स्टुलावर टेकवून, हनुवटी छातीकडे घेऊन पाठीला बाक द्यायला सांगतील. भरल्या पोटाने हे अवघडच जाते. मग पाठीवर जंतुनाशकाचा गार स्पर्श, जागा बधिर करणारी एक झोंबरी टोचणी आणि त्यानंतर कोणी अंगठ्याने दाबावे तशी जाणीव. मध्येच कळ आली तर हलू नका, ‘कळ येते आहे’ एवढे सांगा, भूलतज्ज्ञ थांबतात. सुई मणक्यांच्या ज्या फटीतून जाते, तिच्या वरच मज्जारज्जू साधारणपणे संपलेला असतो. शेवटी नळी पाठीवरून खांद्यापर्यंत चिकटपट्टीने बसवली जाते व तिच्यातून औषध दिले, की १० ते २० मिनिटांत कळेची धार बोथट होते. पोट घट्ट होते आहे हे कळते, पण जीव कासावीस होत नाही.

एपिड्युरलमुळे सीझरचे प्रमाण वाढत नाही. जोर करण्याचा टप्पा मात्र काहीसा लांबू शकतो. पूर्वी औषधाची मात्रा जास्त असे, तेव्हा चिमटा किंवा व्हॅक्यूम लावण्याची वेळ अधिक येई. आजच्या सौम्य मात्रेत तो फरक बहुतांशी उरलेला नाही. बाळापर्यंत पोहोचणारे औषध अगदी अल्प असते. सुस्त बाळांविषयी जे बोलले जाते ते मुख्यतः पेथिडीनसारख्या, ग्लानी आणणाऱ्या वेदनाशामक इंजेक्शनांमुळे. त्याविषयी पुढे लिहिले आहे.

तोटे नाहीत असे नव्हे. रक्तदाब उतरू शकतो, म्हणून आधी सलाइनची सुई लावतात आणि बाळाच्या ठोक्यांवर लक्ष ठेवतात. अंगाला खाज सुटते, हुडहुडी भरते, कधी ताप येतो, पाय जड होतात, लघवीसाठी नळी घालावी लागते. काहींना एकाच बाजूला आराम पडतो. तेव्हा नळी थोडी मागे ओढावी किंवा नव्याने बसवावी लागते. सुमारे शंभरात एकीला नंतर डोकेदुखी होते, जी उठून बसल्यावर वाढते व आडवे झाल्यावर ओसरते. तिच्यावर इलाज आहे, पण ती अंगावर काढू नये.

पिशवीचे तोंड ४ सेंटिमीटर उघडेपर्यंत थांबायला हवे, हा जुना नियम आता पाळण्याचे कारण नाही. मला विचाराल, तर खरा प्रश्न निराळाच आहे : तुमच्या रुग्णालयात रात्री दोन वाजताही भूलतज्ज्ञ असतात का? हे याच आठवड्यात विचारून ठेवा.

प्रश्न : माझ्या प्लेटलेट कमी आहेत, त्यामुळे एपिड्युरल देता येणार नाही, असे सांगण्यात आले. मग नुसत्या कळा सोसायच्या का?

उत्तर : नकार देण्यामागचे कारण रास्त आहे. रक्त नीट गोठत नसेल, तर पाठीच्या कण्यातील बंदिस्त जागेत रक्त साचून नसांवर दाब येण्याचा धोका असतो. तो विरळा, परंतु गंभीर. तरीही प्रसूतीच्या सुमारास तपासणी पुन्हा करून घ्या, कारण आकडा ७० हजारांच्या वर स्थिर असेल आणि रक्तस्रावाची प्रवृत्ती नसेल, तर पुष्कळ भूलतज्ज्ञ फेरविचार करतात.

पर्यायांपैकी वायू हुंगण्याची कल्पना सर्वांत जुनी. एडिंबरा येथील डॉ. जेम्स यंग सिम्प्सन यांनी १८४७ मध्ये प्रसूतीत आधी ईथर, मग क्लोरोफॉर्म वापरले, तेव्हा बराच गदारोळ झाला. १८५३ मध्ये व्हिक्टोरिया राणीने आठव्या बाळंतपणात क्लोरोफॉर्म घेतल्यावर विरोधाचा जोर ओसरू लागला. क्लोरोफॉर्म केव्हाच मागे पडले. आता नायट्रस ऑक्साइड व ऑक्सिजन यांचे निम्मे-निम्मे मिश्रण वापरतात. त्याने वेदना नाहीशी होत नाही, पण तिच्याशी आपले देणेघेणे थोडे कमी होते, असे म्हणता येईल. असर व्हायला जवळपास अर्धा मिनिट लागतो, म्हणून पोट आवळू लागताच श्वास घेणे सुरू करावे. कळ ऐन भरात आल्यावर मास्क लावला, तर गुण येतो तो कळ सरल्यावर. गरगरते, मळमळते, परंतु मास्क काढताच उतारही पडतो.

पेथिडीनने ग्लानी येते व वेदना काहीशी मागे सरते. इंजेक्शनानंतर दोन-चार तासांतच बाळ जन्मले, तर त्याचा श्वास मंद असू शकतो. म्हणून ते किती वाजता दिले हे बाळाच्या डॉक्टरांना ठाऊक असणे अगत्याचे आहे. कळा कमरेतच एकवटल्या असतील, तर कमरेच्या खालच्या भागात चार ठिकाणी त्वचेखाली शुद्ध पाणी टोचण्याचा उपायही आहे. अर्धा मिनिट विलक्षण झोंबते, मग काही वेळ कंबर हलकी होते. तुमच्या बाबतीत मात्र कुठलीही टोचणी डॉक्टरांच्या संमतीनेच. कोमट पाण्याची धार आणि उभे राहून पुढे झुकणे यांना ही अट नाही.

प्रश्न : पत्नीच्या प्रसूतीच्या वेळी मला आत थांबता येणार आहे. मी काय करावे?

उत्तर : कळ सुरू असताना प्रश्न विचारू नका, पाणी हवे का, हेही नाही. त्या वेळी तळहाताच्या टाचेने माकडहाडाच्या थोडे वर घट्ट दाब द्या आणि ती नको म्हणाली, तर राग न मानता हात काढून घ्या. सतत सोबत असेल तर वेदनाशामकांची गरज कमी भासते, तेव्हा दर दहा मिनिटांनी फोन घेऊन बाहेर जाणे टाळावे. वायूचा मास्क मात्र तिच्या वतीने कधीही धरू नका. तो तिने स्वतःच धरायचा असतो, म्हणजे गुंगी वाढली की हात आपोआप खाली येतो आणि मास्क बाजूला होतो.