लोकलमध्ये आणि घरी खेळायला हातातला गेम कन्सोल कुठला घ्यावा: जुना, जुन्यासारखा नवा, की एकदम आधुनिक?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: कल्याण ते सीएसएमटी रोजचा प्रवास, घरी दहा वर्षांची मुलगी, पंचवीस हजारांपर्यंत खर्चाची तयारी आणि डोक्यात तीन पर्याय. निन्टेन्डो या जपानी कंपनीचा जुना गेम बॉय शोधून घ्यावा, निन्टेन्डो स्विच घ्यावा, की थोडं थांबून, पैसे साठवून स्टीम डेक किंवा आरओजी अ‍ॅलायसारखं, संगणकाचे गेम चालवणारं मोठं यंत्र घ्यावं?

मी डोंबिवलीहून अकरा वर्षं याच मार्गावर येते-जाते. ही यंत्रं वापरते, उघडते, जमेल तेवढी दुरुस्तही करते. माझं मत आधीच सांगून टाकते. लोकलसाठी जुने गेम चालवणारा साडेतीन इंची पडद्याचा लहान नवा कन्सोल घ्या. उरलेले पैसे घरातल्या स्विचसाठी ठेवा, स्विच लाइट किंवा चांगल्या अवस्थेतला वापरलेला स्विच. मोठं यंत्र सध्या नको.

आता कारणं. हातातल्या गेमचा जन्मच मुळी आगगाडीतला आहे. निन्टेन्डोचे अभियंते गुनपेई योकोई यांनी सांगितलेली हकिगत अशी की शिंकान्सेनमध्ये, म्हणजे जपानच्या बुलेट ट्रेनमध्ये, एक कंटाळलेला नोकरदार खिशातल्या कॅल्क्युलेटरची बटणं उगाच दाबत बसलेला त्यांना दिसला. वेळ घालवायला असंच काहीतरी, पण खेळायचं, हवं असं त्यांना वाटलं आणि १९८० मध्ये ‘गेम अँड वॉच’ आला. कॅल्क्युलेटरचाच पडदा, बटणाएवढे सेल, खेळत नसाल तेव्हा घड्याळ. नवीन आणि महाग तंत्रज्ञानाच्या मागे न धावता स्वस्त झालेलं, चांगलं मुरलेलं तंत्रज्ञान वेगळ्या कामाला लावायचं, हा योकोईंचा विचार. माझ्या मते आजही हातातला कन्सोल निवडताना याच मापाने मोजावं.

१९८९ चा गेम बॉय त्याच विचारातून आला. १६० गुणिले १४४ ठिपक्यांचा हिरवट पडदा, चार छटा, मागे दिवा नाही. त्याच वर्षी अटारीने लिंक्स आणला, पुढच्या वर्षी सेगाने गेम गिअर. दोघांना रंगीत, उजळ पडदे. शेजारी शेजारी ठेवले तर गेम बॉय अगदी गरीब दिसतो. पण लिंक्स आणि गेम गिअरला सहा-सहा पेन्सिल सेल लागायचे आणि ते तीन ते पाच तासांत बसायचे. गेम बॉय चार सेलवर पंधरा तास सहज चालायचा. सेल ज्यांना खिशातून विकत आणायचे होते त्यांनी निवड केली. गेम गिअर साधारण एक कोटी खपला. गेम बॉय आणि त्याचा रंगीत भाऊ मिळून ११ कोटी ८६ लाखांच्या वर गेले.

आपल्याकडे तेव्हा यातलं फारसं काही पोचलंच नाही. आपला हातातला गेम म्हणजे जत्रेत आणि स्टेशनबाहेरच्या गाड्यांवर मिळणारा ‘९९९९ इन १’ लिहिलेला ब्रिक गेम. त्यातले ९९९९ गेम म्हणजे खरे मोजकेच, वेग आणि सुरुवात बदलून आकडा फुगवलेला. तरी तो घराघरांत पोचला, कारण स्वस्त होता, पेन्सिल सेलवर महिनोन्महिने चालायचा आणि पडला तरी बहुधा फुटत नसे. योकोईंचं म्हणणं आपल्या जत्रेने न वाचताच सिद्ध केलं, असं मला नेहमी वाटतं.

उजेडाचं मात्र बघाच. मी नोकरीला लागले तेव्हा पर्समध्ये २००१ सालचा गेम बॉय अ‍ॅडव्हान्स असायचा. १४० ग्रॅमचं सुंदर यंत्र, पण पडद्याला दिवा नाही. खिडकीची जागा मिळाली तरच खेळ. तेव्हा फास्ट लोकल पारसिकच्या बोगद्यातून जायच्या. बोगदा आला की डब्यातल्या ट्यूबच्या मिणमिणत्या उजेडात पडद्यावर गेम नाही, माझाच चेहरा दिसायचा. मग बटणं सोडून, यंत्र तसंच धरून, पलीकडे उजेड येण्याची वाट बघायची. २००३ च्या एसपी मॉडेलमध्ये दिवा आला, चार्ज होणारी बॅटरी आली आणि घडी घालता येऊ लागली. मला विचाराल तर त्या काळातलं सगळ्यात विचारपूर्वक केलेलं यंत्र तेच. झाकण लावलं की पडदा सुरक्षित, पर्समध्ये किल्ल्या असल्या तरी ओरखडा नाही.

२००४ च्या निन्टेन्डो डीएसने याच्या पुढचं पाऊल टाकलं. झाकण मिटलं की गेम झोपायचा, उघडलं की तिथूनच पुढे. १५ कोटी ४० लाख डीएस विकले गेले, त्यात या मिटण्या-उघडण्याचा वाटा मोठा आहे असं मी मानते. सोनीचा पीएसपी त्याच वर्षीचा. ४.३ इंची पडदा आणि खटका सरकवला की तोही झोपायचा. पीएसपी आणि नंतरचा व्हिटा दोन्ही देखणे, पण आज घेण्यासाठी मी ते सुचवणार नाही. व्हिटाची खास मेमरी कार्डं तेव्हाही महाग होती, आता शोधणंही जिकिरीचं झालंय.

तर मग खराखुरा जुना गेम बॉयच घ्यावा का? इथे मला जरा सविस्तर सांगायचंय, कारण याच ठिकाणी लोक हळवे होऊन पैसे घालवतात.

मामाने मस्कतहून १९९९ च्या दिवाळीत आम्हा भावंडांसाठी गेम बॉय कलर आणला होता, सोबत ‘पोकेमॉन रेड’ची कॅसेट. (कार्ट्रिज म्हणायला आम्ही फार उशिरा शिकलो.) मी आणि भाऊ एकच सेव्ह दोघांत वाटून खेळायचो, सकाळी तो, संध्याकाळी मी. २०१६ मध्ये माळ्यावरच्या पेटीत ते सगळं सापडलं. यंत्र लगेच सुरू झालं. मेनूत ‘कंटिन्यू’ हा शब्दच नव्हता, फक्त ‘न्यू गेम’. कॅसेट उघडली. तिचा स्क्रू साध्या स्क्रूड्रायव्हरला दाद देत नाही, ३.८ मिलिमीटरचं वेगळं टोक लागतं. आत हिरव्या पट्टीवर एक गोल सेल, दोन पत्र्याच्या जिभांनी धरलेला. मीटर लावला तर तीन व्होल्टच्या जागी जेमतेम एक. त्या कॅसेटमधली आठवण त्या सेलच्या जिवावर जिवंत असते. सेल मेला की सगळं पुसलं जातं. मी नवा सेल झाळून बसवला, कॅसेट पुन्हा सेव्ह करू लागली, पण भावाने तेव्हा नावं ठेवून वाढवलेले प्राणी गेले ते गेलेच. त्या रात्री मला खरंच वाईट वाटलं.

म्हणून जुनी कॅसेट घ्याल तर विक्रेत्याला पहिलं विचारा, सेल बदललाय का. सगळ्याच कॅसेटमध्ये सेल नसतो. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सच्या कित्येक कॅसेटमध्ये सेव्ह फ्लॅश मेमरीत असतं आणि ते सेलवाचून टिकतं. दुसरं, नकली कॅसेटचा सुळसुळाट आहे. अस्सल कॅसेटच्या लेबलावर दाबून उमटवलेला एक बारीक आकडा असतो, उजेडात तिरपं धरलं की दिसतो. तिसरं, गेम गिअरच्या वाटेला हौशी माणसाने जाऊ नये. आतले कपॅसिटर, म्हणजे वीज साठवणारे बारीक भाग, गळतात, आवाज जातो, पडदा फिका पडतो. एकेक बदलावा लागतो. मला ते काम आवडतं, पण तुम्हाला ऑफिसला जाताना खेळायचंय.

आता जुन्यासारखे नवे. मियू मिनी प्लस, अ‍ॅनबर्निकचे आरजी ३५ एक्सएक्स वगैरे. परदेशात साठ-सत्तर डॉलरच्या आसपास मिळतात, इथे येईपर्यंत कर आणि दुकानदाराचा नफा चढतो, तरी तुमच्या रकमेत आरामात बसतील. यात खरा गेम बॉय नसतो, त्याची नक्कल करणारं सॉफ्टवेअर असतं. दोन गोष्टींमुळे मला हे लोकलसाठी सर्वांत योग्य वाटतात. एक, कुठल्याही क्षणी सगळा खेळ जसाच्या तसा गोठवता येतो. जुन्या गेममध्ये सेव्ह करायला ठरावीक जागेपर्यंत जावं लागायचं, स्टेशन तोवर थांबत नाही. दुसरी गोष्ट पडद्याची.

पडद्याचं गणित दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे लिहिते. या यंत्रांचा पडदा बहुधा ६४० गुणिले ४८० ठिपक्यांचा. गेम बॉयचं १६० गुणिले १४४ चं चित्र बरोबर तिप्पट केलं की ४८० गुणिले ४३२ होतं. प्रत्येक ठिपका तीन बाय तीनचा चौकोन, चित्र काचेसारखं स्वच्छ. गेम बॉय अ‍ॅडव्हान्सचं चित्र मात्र २४० गुणिले १६०. ते पूर्ण रुंदीला ताणायचं तर पावणेतीन पटीच्या जवळपास जातं. मग काही ठिपके दोनचे, काही तीनचे, आणि पार्श्वभूमी सरकू लागली की ती लहरते. एकदा दिसलं की दिसतच राहतं. अ‍ॅडव्हान्सचेच गेम जास्त खेळायचे असतील तर ७२० गुणिले ४८० चा पडदा असलेला आरजी ३४ एक्सएक्स बघा, तो नेमका तिप्पट बसतो. अ‍ॅनालॉग पॉकेट नावाचं एक यंत्र आहे, १६०० गुणिले १४४० चं, म्हणजे गेम बॉयच्या नेमकं दहापट, आणि अस्सल कॅसेट घालून चालतं. ते फार सुंदर आहे, पण महाग आहे आणि इथे मिळवणं कठीण.

या लहान यंत्रांसोबत हजारो गेम भरलेलं मेमरी कार्ड येतं. ते बाजूला ठेवा. त्यातले बहुतेक गेम चोरीचे असतात आणि कार्डही हलक्या प्रतीचं. माझ्या ओळखीत दोघांचं कार्ड सहा महिन्यांच्या आत गेलं, सेव्हसकट. चांगलं नवं कार्ड घ्या, स्वतःच्या कॅसेटमधून गेम उतरवून घ्या, त्यासाठी यूएसबीला जोडायची लहान यंत्रं मिळतात. आजच्या काळात गेम बॉयसाठी नवे गेम लिहिणारेही आहेत. ते आपले गेम फाइल म्हणून रीतसर विकतात, कित्येक जण फुकट देतात. सुरुवात तिथून करा.

स्विचबद्दल. २०१७ मध्ये आला, निन्टेन्डो तो भारतात अधिकृतपणे विकत नाही. म्हणजे जो आणून विकतो तोच तुमची वॉरंटी. पावती देणारा, वर्षभर जबाबदारी घेणारा दुकानदार शोधा, पाचशे रुपये जास्त गेले तरी चालेल. त्याच्या कॅसेट कुठल्याही देशातल्या चालतात आणि खेळून झाल्यावर विकता येतात, हा मोठा फायदा आहे. एक गेम तीन हजारांना घेऊन दोन हजारांना विकला तर खर्च हजारच. २०२५ चा स्विच २ तुमच्या रकमेबाहेर आहे. शिवाय त्याच्या काही कॅसेटमध्ये गेम नसतो, फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोड करावा लागतो. पुढेमागे घेतलात तर डब्यावरची सूचना वाचून घ्या. लाइट घेताना एवढं ध्यानात ठेवा की त्याच्या काड्या, म्हणजे स्टिक, अंगातच बसवलेल्या असतात. झिजून आपोआप सरकू लागल्या तर यंत्रच उघडावं लागतं. साध्या स्विचचे जॉय-कॉन, म्हणजे दोन बाजूंचे बटणांचे भाग, सुटे असल्याने फक्त तेवढेच बदलता येतात. तो टीव्हीलाही जोडता येतो, लाइट येत नाही.

एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. पुण्याच्या नोडिंग हेड्स गेम्सने केलेला ‘राजी’ हा गेम, भावाला शोधायला निघालेल्या मुलीची गोष्ट, ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवर आला. जो कन्सोल इथे अधिकृतपणे मिळतच नाही, त्यावर. मुलगी थोडी मोठी झाली की दोघांनी मिळून खेळा. मारामारी आहे, पण राजवाडे आणि भिंतींवरची चित्रं बघायला मी खेळ थांबवून उभी राहायचे.

आणि मोठी यंत्रं. स्टीम डेक इथे अधिकृतपणे मिळत नाही. आरओजी अ‍ॅलाय मिळतो, २०२३ मध्ये आला तेव्हा ६९,९९० रुपयांना होता. ताकद प्रचंड आहे, वाद नाही. पण पहिल्या डेकमध्ये आणि त्या अ‍ॅलायमध्ये बॅटरी ४० वॅट-तासांची. जड गेम सगळं मिळून पंचवीस वॅट ओढत असेल तर ४० भागिले २५, दीड तासाच्या थोडं वर. कल्याण ते सीएसएमटी जाताना संपली, परत येताना काय करणार? २०२३ च्या ओएलईडी डेकमध्ये ५० वॅट-तास आहेत, तिथे थोडं बरं. वजन सहाशे ग्रॅमच्या वर. घरी अर्धा किलो साखरेची पिशवी घ्या, त्यावर लिंबं ठेवा आणि छातीसमोर धरून वीस मिनिटं उभे राहा. मुंब्र्यापर्यंत मनगट बोलू लागेल. तुमच्याकडे स्टीम या संगणकी गेमच्या ऑनलाइन दुकानातून आधीच विकत घेतलेले पन्नास-शंभर गेम असतील आणि खेळणं मुख्यतः घरी, सोफ्यावर होणार असेल, तर हे यंत्र घ्यायला माझी हरकत नाही. तुमच्या प्रश्नात तसं काही दिसलं नाही.

लहान कन्सोल आणलात की पहिले आठ दिवस तो मुलीच्या हातात द्या. पडद्याची काच तेवढी झाकून घ्या. टेट्रिस लावून द्या आणि शेजारी बसा. तिची बोटं बटणांवर कुठे अडतात, यंत्र ती किती वेळाने खाली ठेवते, हे बघितलंत की स्विच लाइट घ्यायचा की टीव्हीला जोडता येणारा, ते तुम्हाला तिच्याकडूनच कळेल.