'कीफ्रेम'ला 'कळचौकट' म्हणावं का?

प्रश्न असा: व्हिडिओ संपादन शिकवण्याच्या टिपणात 'स्केल', 'रोटेट', 'अ‍ॅनिमेट' आणि 'कीफ्रेम' यांना अनुक्रमे 'आकार बदलणे', 'परिभ्रमण', 'सचेतन करणे' आणि 'कळचौकट' हे शब्द घेतले आहेत, ते चालतील का?

पहिला चालेल, बाकीचे तीन नाहीत. सगळ्यात जास्त अडचण 'कळचौकटी'ची, म्हणून आधी तीच.

'कळ' म्हटलं की मराठी माणसाला दाबायचं बटण आठवतं, नाहीतर पोटातली कळ. इथल्या 'की'चा अर्थ मात्र 'मुख्य'. चलचित्रं हाताने काढत तेव्हा मुख्य चित्रकार हालचालीतली मोक्याची चित्रं काढायचा, हात खाली, हात वर, आणि मधली चित्रं मदतनीस भरायचे. आता तो मदतनीस म्हणजे सॉफ्टवेअर. मग 'मुख्य चौकट' म्हणावं? तेही फसतं, कारण संपादनातली कीफ्रेम हे चित्रच नसतं. एखाद्या क्षणी क्लिपच्या एखाद्या गुणाची (जागा, आकार, कोन) किंमत किती, याची ती नोंद असते. त्याच क्षणी स्केलची नोंद असेल आणि रोटेशनची नसेल. (व्हिडिओ कॉम्प्रेशनमध्ये, म्हणजे फाइल लहान करताना, हीही 'कीफ्रेम' भेटते. तिथे मात्र खरोखर अख्खं चित्र साठवलेलं असतं, त्यामुळे तिथे 'मुख्य फ्रेम' बरोबर बसेल.)

माझं मत 'ठिपका'. ठिपक्यांची रांगोळी काढणाऱ्याला समजवावं लागत नाही: आधी ठिपके, मग जोडणी. टाइमलाइनवर, म्हणजे वेळेच्या पट्टीवर, या खुणा शंकरपाळ्यासारख्या दिसतात ही वेगळी गंमत. तरी एडिटिंगच्या टेबलावर लोक 'इथे की मार' म्हणतात, आणि टिपणात 'कीफ्रेम' तसाच ठेवून एकदा 'म्हणजे ठिपका' असं सांगितलं तरी पुरे.

प्रीमियर प्रो या संपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये 'इफेक्ट कंट्रोल्स'मधल्या 'मोशन'खाली पोझिशन, स्केल, रोटेशन असे गुण आहेत आणि प्रत्येकाशेजारी छोटं घड्याळ. घड्याळ बंद असेल तर बदललेला आकडा सबंध क्लिपला लागतो. चालू केलं की पहिला ठिपका पडतो, आणि त्यानंतर दुसऱ्या क्षणी आकडा बदलला की तिथे आपोआप नवा ठिपका. समजा सेकंदाला २५ फ्रेमच्या सीक्वेन्समध्ये (क्लिपा मांडायच्या पट्टीत) शून्य सेकंदाला स्केल १०० आणि २ सेकंदांनी १२० ठेवलं, तर ५० फ्रेममध्ये दर फ्रेमला ०.४ वाढ होते. शिकणाऱ्यांची नेहमीची चूक इथेच. घड्याळ चालू आहे हे विसरून जागा 'जराशी' सुधारली, की नको तिथे ठिपका पडतो आणि चित्र हळूहळू घसरत जातं. त्याच ओळीतल्या बाणांनी नेमक्या ठिपक्यावर जाऊन मगच आकडा बदलावा. वैतागून घड्याळ बंद केलं तर त्या गुणाचे सगळे ठिपके पुसले जातात.

ठिपके सरळ रेषेने जोडले तर हालचाल झटक्याने सुटते आणि झटक्याने थांबते. त्यावर उपाय 'ईझ आउट' आणि 'ईझ इन', पण ही नावं हमखास उलटी लक्षात राहतात, कारण 'आउट' पहिल्या ठिपक्यावर लावायचं आणि 'इन' शेवटच्यावर. मराठीत 'सुटताना हलकं' आणि 'पोचताना हलकं' म्हटलं की गोंधळ उरत नाही.

आता 'रोटेट'. 'परिभ्रमण' ग्रहांना राहू द्या. मराठीत या एका शब्दाच्या जागी निरनिराळी क्रियापदं आहेत आणि ती वापरावीत. क्षितिज तिरकं आलंय म्हणून दोन-तीन अंश हलवणं म्हणजे 'कलवणं'. आडवा पडलेला मोबाइलचा व्हिडिओ ९० अंशांनी 'उभा करणं'. १८० अंश म्हणजे 'उलटा करणं'. 'फिरवणं' पूर्ण फेऱ्यांसाठी राखावं. प्रीमियरही फेरे मोजतं, ३६० लिहिलं की '१x०.०' दाखवतं, म्हणजे एक फेरा शून्य अंश. 'फ्लिप' मात्र रोटेट नव्हे. दुकानाची पाटी उलटी केली तर मान वाकडी करून वाचता येते. आडवी फ्लिप केली की आरशातल्यासारखी दिसते, मान कितीही वाकवली तरी अक्षरं सुलटी होत नाहीत.

कलवलं की कोपऱ्यांत काळे त्रिकोण दिसतात, म्हणून मोठं करावं लागतं. १९२०×१०८० चं चित्र त्याच मापाच्या चौकटीत ३ अंश कलवलं तर स्केल ११० पुरतं, ५ अंशांना ११६ लागतं. ९० अंशांनी उभं केलं तर उलट, वरखाली कापलं जाऊ नये म्हणून ५६.२५ वर आणावं लागतं.

'स्केल'ला 'आकार बदलणे' चालेलच, पण 'लहान-मोठं करणं'ही पुरे. फक्त रुंदी किंवा फक्त उंची बदलली तर ते 'ताणणं' किंवा 'चेपणं'. चेहरे रुंद दिसायला लागले की 'युनिफॉर्म स्केल'ची खूण निघालेली असते. आणि 'क्रॉप' व 'ट्रिम' दोन्हींना 'छाटणं' म्हणू नका: चित्राच्या कडा 'कातरायच्या', क्लिपची लांबी 'छाटायची'.

'सचेतन करणे' कार्टूनला शोभतं. क्लिपमधली माणसं मुळातच हलती असतात; आपण बदलता ठेवतो तो क्लिपचा आकार, जागा, कोन. म्हणून 'क्लिप डावीकडून सरकवत आणा', 'हळूहळू मोठी होऊ द्या' असं लिहावं.

यादीत नसलेला पण लागणारा एक शब्द म्हणजे 'अँकर पॉइंट'. 'नांगरबिंदू' नको, 'आसबिंदू' घ्या. कर्कटकाचं टोक टेकतं ती जागा. तो मुळात चित्राच्या मधोमध असतो. वरच्या कडेवर नेला तर चित्र एका खिळ्यावरच्या तसबिरीसारखं झुलतं. फक्त प्रीमियरमध्ये आसबिंदूचा आकडा बदलला की चित्रही जागचं हलतं, तेव्हा पोझिशन पुन्हा जुळवून घ्यावी लागते.