ओस्तूनीला निघालेल्या मुलीस

प्रिय मुली,

तिकीट झाल्याचं कळलं, बरं वाटलं. सप्टेंबर म्हणजे आपला चातुर्मास, कार्यालयं ओस पडलेली. तिकडे इटलीच्या दक्षिणेला मात्र ऐन लग्नसराई. इथलं एकही काम बुडत नाही, तेव्हा निश्चिंत जा.

तीन वर्षं तू लग्नांचे फोटो काढत सांगली-कोल्हापूरची कार्यालयं माझ्यासोबत केलीस. अंतरपाट कधी खाली येणार हे तुला आता भटजींच्या आवाजावरून कळतं. पण एक सवय इथेच ठेवून जा. 'जरा इकडे बघा', 'मामा, हात खांद्यावर', 'अजून एक' ही आपली जी हुकूमशाही चालते ना, ती. मीच शिकवलीय, म्हणून मीच सांगतो. इथे हजार माणसांत तिच्याशिवाय निभावत नाही. तिथे साठ-सत्तर माणसं असतील, आणि तुझा आवाज चढला की साठही जण एकदम ताठ होतील.

तिथल्या नवरा-नवरीनं 'एकदम निवांत लग्न हवं' असं लिहिलंय म्हणालीस. वेळापत्रकच नको असा त्याचा अर्थ घेऊ नकोस. ते त्यांना दिसायला नको, एवढंच. ठेवायचं तूच.

त्याची किल्ली असते स्वयंपाकघरात. सप्टेंबरच्या मध्याला ओस्तूनीत सूर्य सातच्या आसपास मावळतो आणि पुढे जेमतेम अर्धा तास उजेड रेंगाळतो. नेमकं त्याच सुमारास जेवण सुरू करायचा बेत असतो. इटालियन पंगतीत पदार्थ ओळीनं येतात, आणि शिजलेला पास्ता कुणासाठी थांबत नाही. म्हणून पोचलीस की आधी मुख्य आचाऱ्याला भेट. आंतिपास्ती, म्हणजे सुरुवातीचे पदार्थ, उठल्यावर आणि पास्त्याच्या आधी पंधरा मिनिटं मागून घे. त्या पंधरा मिनिटांत दोघांना ऑलिव्हच्या बागेत ने. चालू दे, बोलू दे, तू वीस पावलं मागे राहा. हे आधी ठरलं नसेल तर ऐन उजेडात नवरी ताटावर असते आणि तू हात चोळत बसतेस.

जागेविषयी. मास्सेरिया म्हणजे तिकडचा तटबंदी वाडा. समुद्री चाच्यांच्या भीतीनं शेतातली ही घरं जाड भिंतींची, आतल्या चौकाकडे तोंड करून बांधली. चुन्यानं पांढराशुभ्र झालेला तो चौक म्हणजे तुझा सॉफ्टबॉक्स, मऊ उजेडाची पेटी. एका भिंतीवर ऊन असलं की समोरच्या सावलीत उभ्या माणसाचा चेहरा आपोआप उजळतो, रिफ्लेक्टर उघडायचं कामच नाही. पण कॅमेरा पांढऱ्याला फसतो आणि सगळं करडं करून ठेवतो. एक्स्पोजर एक स्टॉप वर चढव, म्हणजे उजेड दुप्पट, आणि हिस्टोग्राम, म्हणजे उजेडाचा आलेख, बघत राहा.

बाहेर माती लाल आहे. आपल्या कोकणातल्यासारखीच, फक्त ही चुनखडीतून निघालेली. तिचा रंग उन्हात खालून उसळतो आणि पांढऱ्या गाऊनच्या घेरावर, हनुवटीखाली तांबूस छटा चढते. एडिटिंगला बसलीस की डोकं धरशील. दुपारी मातीवर उभं करू नकोस, फरसबंदीवर घे. ऑलिव्हखालची सावलीसुद्धा दिसायला गोड, पण दुपारी ती चेहऱ्यावर नुसते ठिपके पाडते.

माझ्या पहिल्या मास्सेरियात मी प्रवासाच्या शिणानं आदला दिवस झोपून काढला. दुसऱ्या दिवशी विधी सुरू झाला तेव्हा ऊन बाजूनं येत होतं. नवरीचा चेहरा पांढराफटक, नवऱ्याचा काळोखात, आणि खुर्च्या हलवायची वेळ टळून गेलेली. अल्बममधली ती चार पानं मी आजही उलटत नाही. तेव्हा आदल्या दिवशी विधीच्याच वेळी त्याच जागी जाऊन उभी राहा. खुर्च्या फिरवायच्या असतील तर तेव्हाच सांग, कुणी नाही म्हणत नाही.

तिथल्या राखणदाराला वाऱ्याचं विचार. शिरोक्को दक्षिणेकडून येतो, दमट, आणि आकाश दुधाळ करतो. त्रामोंताना उत्तरेचा, हवा लख्ख करतो पण ओढणी थेट तोंडावर आणतो. वारा कुठून हे कळलं की नवरीला कुठल्या अंगानं चालवायचं ते ठरतं.

कायद्याचं लग्न नगरपालिकेत आधी उरकणार आहेत की मास्सेरियातच, हे आत्ताच विचारून घे. अधिकारी तिरंगी पट्टा घालून नागरी संहितेची १४३, १४४, १४७ ही नवरा-बायकोच्या हक्क-कर्तव्यांची कलमं वाचतो तेव्हा जागच्या जागी राहायचं. त्या वेळी घरातल्या म्हाताऱ्यांचे चेहरे बघ, खरा फोटो तिकडे असतो.

नवरा तिथल्याच बारी शहरातला आहे, म्हणजे तांदूळ उधळतील. आपल्या अक्षता प्रत्येक 'सावधान'ला पडतात, चुकलं तर पुढचं कडवं असतं. तिथे दोघं बाहेर पडतानाची ती एकच वेळ. शटर १/१००० च्या वर ठेव, समोरून उलट्या पावलांनी चालत ये, आणि मागे पायरी आहे का ते आधी बघून ठेव. जेवताना 'बाचो, बाचो' असा गलका झाला, ग्लास किणकिणले, की दोघांना मुका घ्यावाच लागतो. चमचा ग्लासला लागताना दिसला की कॅमेरा डोळ्याला लाव.

नातेवाइकांचे ग्रुप दहाच्या वर जाऊ देऊ नकोस. आपल्याकडे असतो तसा मोठ्या आवाजाचा एक मामा तिथेही असतोच. त्याला शोध, यादी त्याच्या हातात दे. हुकूम त्यानं सोडावेत. त्याला ते आवडतंच.

रात्री माळांच्या पिवळ्या दिव्यांत फ्लॅश काढू नकोस, आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेड टिपायची संवेदनशीलता, बिनधास्त चढव. एलईडी दिव्यांमुळे फोटोत काळे पट्टे उमटताना दिसले तर शटर १/१०० वर आण. तिकडची वीजही ५० हर्ट्झचीच. केक बहुधा मध्यरात्रीकडे कापतात, तेव्हा बॅटरी राखून ठेव.

बाकी कागदपत्रं. पैसे घेऊन काम करायला चाललीस, तेव्हा व्हिसा कुठला ते वकिलातीकडून पक्कं करून घे. कॅमेऱ्यांसाठी फिक्की या उद्योग महासंघाकडून एटीए कार्नेट, म्हणजे सामान तात्पुरतं परदेशी नेऊन परत आणायचा सीमाशुल्काचा कागद. सुट्या बॅटऱ्या केबिनच्या बॅगेतच. ड्रोन नेऊ नकोस. छोटं असलं तरी कॅमेऱ्याच्या ड्रोनला तिकडे चालक म्हणून नोंदणी लागते, आणि निवांत लग्नाच्या डोक्यावर ती भुणभुण हवीय कुणाला? शतकानुशतकांची ऑलिव्हची झाडं तिथे कायद्यानं राखलेली आहेत, फांदीला खिळा-तार काही लावू नकोस. दक्षिणेला लेच्चे शहराकडे गेलीस तर मैलोन्‌मैल करडी, वाळकी ऑलिव्हं दिसतील. झायलेला नावाचा जिवाणू, २०१३ मध्ये सापडला. सुंदर दिसतात म्हणून त्यांच्यापुढे जोडप्याला उभं करू नकोस. कुणाचं तरी घर त्यावर चालत होतं.

दोन्ही कार्डांवर शूट कर, झोपण्यापूर्वी दोन डिस्कवर उतरव, एक डिस्क अंगाजवळ ठेव. आणि माझी ३५ ची लेन्स परत आण. तुळशीचं लग्न लागलं की तिसऱ्याच दिवशी मिरजेचं कार्य आहे, हजार माणूस आहे, आणि तिथे तुझा आवाज मला चांगला खणखणीत लागेल.

तुझा,
सर