वाचकांची प्रश्नोत्तरे : एकाच मागावर चार विणकर

प्रश्न : उद्यमबागेतील एका यंत्रशाळेत चार सीएनसी (संगणक-नियंत्रित) यंत्रांच्या स्पिंडलचे, म्हणजे फिरत्या दांड्याचे, तापमान आणि कंपन टिपणारा एक लहान लिनक्स संगणक मी बसवला आहे. मुख्य प्रोग्राम सी भाषेत असून, किती कंपनाला इशारा द्यायचा याचे नियम वेबअसेम्ब्ली मॉड्यूलमध्ये (मुख्य प्रोग्रामच्या आत चालवता येणाऱ्या स्वतंत्र कोड-फाइलमध्ये) ठेवले आहेत, म्हणजे नियम बदलताना मुख्य प्रोग्रामला हात लावावा लागत नाही. एका थ्रेडवर (प्रोग्राममधील कामाच्या एका धारेवर) सारे सुरळीत चालते. चार यंत्रांसाठी चार थ्रेड करून प्रत्येकातून मॉड्यूलच्या त्याच इन्स्टन्समधील (चालू प्रतीतील) फंक्शन बोलावले, की इशाऱ्यांची मोजणी चुकते आणि दिवसातून एक-दोनदा प्रोग्राम कोसळतो. मोजणीचे चलपद अ‍ॅटॉमिक केले, म्हणजे त्यातील बदल मध्येच तुटू नये अशी सोय केली, तरी फरक पडला नाही. वेबअसेम्ब्लीत थ्रेड चालतात असे वाचले होते. मग चूक कोठे आहे? (एक वाचक, बेळगाव)

उत्तर : आपण वाचले ते खरे आहे, पण अर्धे. वेबअसेम्ब्लीच्या थ्रेडविषयक प्रस्तावाने दोनच गोष्टी दिल्या : अनेक थ्रेडना एकत्र वापरता येईल अशी शेअर्ड मेमरी आणि त्या मेमरीवर चालणाऱ्या अ‍ॅटॉमिक सूचना, ज्यांत थांबण्याची व उठवण्याची सूचनाही येते. नवा थ्रेड निर्माण करणारी सूचना त्यात नाही. थ्रेड कोठून आणायचा हे यजमानाने, म्हणजे मॉड्यूल ज्याच्या आत चालते त्या प्रोग्रामने, ठरवायचे असते. ब्राउझरमध्ये ते काम वेब वर्कर करतो आणि आपल्या संगणक-पेटीत ते आपला सी प्रोग्राम करतो.

आता कोसळण्याचे कारण पाहू. क्लँग या सी कंपायलरने तयार केलेल्या मॉड्यूलमध्ये, ज्या स्थानिक चलांचा पत्ता घेतला जातो ती चले आणि स्थानिक अ‍ॅरे हे रेषीय मेमरीतील (मॉड्यूलच्या सलग मेमरीतील) एका स्टॅकवर, म्हणजे तात्पुरत्या जागेच्या चळतीवर, राहतात, आणि त्या स्टॅकचे टोक कोठे आहे हे मॉड्यूलमधील एका ग्लोबल चलात लिहिलेले असते. हे ग्लोबल प्रत्येक इन्स्टन्सला एकच असते. एका थ्रेडने ते खाली सरकवून आपल्या वाचनांसाठी जागा घेतली आणि त्याच क्षणी दुसऱ्यानेही तेच ग्लोबल वाचून सरकवले, तर दोघांची जागा एकमेकांवर येते, आणि पहिल्या यंत्राचे कंपन दुसऱ्याच्या हिशेबात शिरते. आपल्याकडे रोज एक-दोनदाच प्रोग्राम कोसळतो याचे आश्चर्य वाटते. बाकीच्या वेळी तो गुपचूप चुकीचे आकडे देत असणार, आणि ते अधिक वाईट. शिवाय रनटाइमची, म्हणजे मॉड्यूल चालवणाऱ्या लायब्ररीची, स्वतःची नोंदही एका वेळी एकाच थ्रेडने वापरायची असते. वेबअसेम्ब्ली मायक्रो रनटाइममधील अंमलबजावणीची चौकट, म्हणजे ‘एक्झेक-एन्व्ह’, दोन थ्रेडनी एकाच वेळी वापरू नये असा नियम आहे. वास्मटाइम या दुसऱ्या रनटाइममध्ये इन्स्टन्स ठेवणाऱ्या ‘स्टोअर’लाही तोच नियम लागतो. वास्मटाइम रस्ट या भाषेतून वापरले असते, तर असा प्रोग्राम कंपाइलच झाला नसता. सी भाषा मात्र अशा वेळी काही बोलत नाही.

बेळगावच्या वडगाव-खासबागमधील विणकराला हे समजावून सांगावे लागणार नाही. एकाच नक्षीच्या साड्या चार मागांवर खुशाल विणता येतात, पण एकाच मागावर चार विणकर बसवले तर सूत तुटणारच. मॉड्यूल ही नक्षी आहे. ते एकदाच कंपाइल करावे, कारण तयार झालेले मॉड्यूल सर्व थ्रेडना मिळून वापरता येते. इन्स्टन्स हा माग आहे. तो प्रत्येक थ्रेडला वेगळा द्यावा. आपल्या कामाला मी एवढाच उपाय सुचवीन : चार थ्रेड, चार इन्स्टन्स, प्रत्येकाची मेमरी स्वतंत्र. प्रत्येक स्पिंडलचा मागील वाचनांचा इतिहास आपोआप वेगळा राहील. एकूण इशाऱ्यांची बेरीज मॉड्यूलमध्ये न ठेवता यजमानाने पुरवलेल्या फंक्शनमधून सी प्रोग्रामकडे द्यावी. तेथे अ‍ॅटॉमिक चलपद खरोखर अ‍ॅटॉमिक असते. एकाच इन्स्टन्सभोवती म्यूटेक्स, म्हणजे एका वेळी एकालाच आत सोडणारे कुलूप, लावूनही आकडे बरोबर येतील, परंतु मग एक थ्रेड चालतो आणि तीन रांगेत उभे राहतात.

मॉड्यूलमधील अ‍ॅटॉमिकचा उपयोग का झाला नाही, याचे उत्तर कंपायलरमध्ये आहे. ‘-पीथ्रेड’ हा पर्याय किंवा अ‍ॅटॉमिक सुविधा चालू न करता मॉड्यूल बनवले, तर येथे थ्रेड एकच आहे असे कंपायलर गृहीत धरतो आणि अ‍ॅटॉमिक क्रियांच्या जागी वाचणे, मिळवणे, लिहिणे अशा साध्या सूचना घालतो. तसे तो कळवतही नाही. ऑब्जेक्ट फाइली जोडणारा लिंकर मात्र कडक आहे : शेअर्ड मेमरी मागितली आणि एखादी ऑब्जेक्ट फाइल त्या सुविधेशिवाय बनलेली निघाली, की तो काम थांबवतो. जुन्या लायब्ररी जोडताना हा नकार हमखास येतो, आणि तो आपल्या हिताचा आहे.

पुढे कधी सर्व थ्रेडना एकच मोठा तक्ता वाचायचा-लिहायचा झाला, तरच शेअर्ड मेमरीकडे वळावे. तेव्हाही इन्स्टन्स प्रत्येक थ्रेडला वेगळाच राहतो. फक्त यजमानाने तयार केलेली एक मेमरी सर्वांना आयात म्हणून दिली जाते. ग्लोबल वेगळे असल्याने स्टॅक पॉइंटर (स्टॅकच्या टोकाची नोंद) वेगळे होतात, पण प्रत्येकाच्या स्टॅकची जागा त्या सामाईक मेमरीतून राखून द्यावी लागते. लिंकर एका स्टॅकला मुळात 64 किलोबाइट देतो, ते मुख्य थ्रेडपुरते. बाकीच्यांची जागा सहसा थ्रेड हाताळणारी पीथ्रेड लायब्ररी मिळवून देते, आणि वासीच्या (मॉड्यूलने यजमानाकडे सेवा मागण्याच्या ठरलेल्या रीतीच्या) वासी-थ्रेड्स पद्धतीत नवा थ्रेड मागण्यासाठी मॉड्यूल यजमानाचे ‘थ्रेड-स्पॉन’ फंक्शन बोलावते. ही पद्धत वासीच्या पहिल्या आवृत्तीपुरती आहे आणि आता जुनी गणली जाते, हे ध्यानात ठेवून तिच्यावर फार मोठी इमारत उभारू नये.

प्रश्न : शेअर्ड मेमरी जाहीर करताना कमाल आकार देणे सक्तीचे का असते? साध्या मेमरीला तशी सक्ती नाही. (एक विद्यार्थी, खानापूर)

उत्तर : साधी मेमरी वाढवताना रनटाइम तिला नव्या, मोठ्या जागी हलवू शकतो. सामाईक मेमरी हलवली, तर त्याच क्षणी जुन्या पत्त्यावर लिहीत असलेल्या दुसऱ्या थ्रेडचे काय होणार? म्हणून कमाल मर्यादेपर्यंतचे पत्ते आधीच राखून ठेवतात आणि मेमरी जागच्या जागी वाढते. आकार 64 किलोबाइटच्या पानांत मोजतात. 16 मेगाबाइट हवे असतील तर कमाल 256 पाने होतात. लिनक्सवर राखलेले पत्ते म्हणजे वापरलेली रॅम नव्हे, त्यामुळे थोडी ढिलाई चालते. आभासी मेमरीची सोय नसलेल्या मायक्रोकंट्रोलरवर मात्र हा आकडा हात राखूनच लिहावा.

प्रश्न : एका थ्रेडमध्ये ट्रॅप झाला, म्हणजे वेबअसेम्ब्लीचा कोड चुकीमुळे मध्येच थांबला, तर बाकीचे थ्रेड चालू राहतात का? (एक वाचक, निपाणी)

उत्तर : मेमरी सामाईक असेल तर राहू नयेत, कारण मेलेला थ्रेड कुलूप हातात घेऊनच गेला असण्याची शक्यता असते. वासी-थ्रेड्सचा नियम सर्व थ्रेड संपवण्याचा आहे, आणि वास्मटाइमने केलेल्या त्याच्या अंमलबजावणीत तर यजमान प्रोग्रामही बंद होतो. कारखान्यातील पेटीला हे परवडणारे नाही. इन्स्टन्स स्वतंत्र असतील, तर ज्यात ट्रॅप झाला तेवढाच टाकून त्याच मॉड्यूलमधून नवा करता येतो आणि इतर तीन यंत्रांना त्याचा पत्ताही लागत नाही. नवा इन्स्टन्स कोऱ्या मेमरीने सुरू होतो, त्यामुळे सरासरी काढण्यासाठी लागणारी शेवटची वाचने यजमानाकडे जपून ठेवावीत आणि सुरुवातीलाच त्याला परत द्यावीत.