गाडीच्या मागच्या सीटला व्हिडिओ स्क्रीन घरीच बसवता येतात का, वायरिंग कट करावं लागतंय का?

तुम्ही लिहिलंय की खानापुरात राहता, पुण्याला पाहुण्यांकडं आणि मधनंमधनं चोर्ला घाटातून गोव्याला जाणं होतं, मागं दोन मुलं असतात म्हणून पुढच्या दोन्ही सीटच्या मागं स्क्रीन पाहिजेत, आणि दुकानवाला म्हणतोय डॅशबोर्ड खोलून वायर कापून जोड द्यावा लागेल. नाही ओ, काही कापायला लागत नाही. मी माझ्या गाडीत घरीच बसवलंय आणि पाहुण्यांच्या गाड्यांतही बसवून दिलंय. हातात पाना-पक्कड धरायची सवय असेल तर एका रविवारचं काम आहे. पण कंपनीच्या वायरिंगला ब्लेड लावायचं नाही हे आधी ठरवा. वायर सोलून पीळ देऊन वर टेप गुंडाळलेला जोड उन्हाळ्यात सुटतोय, टेपचा गम वितळतो, आणि गाडी वॉरंटीत असेल तर इलेक्ट्रिकलचा कुठलाही क्लेम करायला गेलात की पहिला तोच जोड दाखवतील.

स्क्रीन कुठली घ्यायची यावर फार डोकं लावू नका. हेडरेस्टच्या दांड्यांना क्लॅम्पने बसणारी दहा इंची अँड्रॉइड स्क्रीन बरी, मेमरी कार्ड आणि पेनड्राइव्ह चालणारी बघा. छताला लावायची उघडझाप करणारी मोठी स्क्रीन घेऊ नका, छताच्या कापडाला तिचं वजन पेलत नाही, आत पत्र्याला आधार काढावा लागतो, उघडी असली की आरशातून मागचं दिसत नाही आणि कर्टन एअरबॅगवाल्या (खिडक्यांच्या वर छताच्या कडेत एअरबॅग असलेल्या) गाडीत छताच्या कडेनं वायर नेणं म्हणजे एअरबॅगच्या वाटेत वायर. ज्या गाडीत हेडरेस्ट सीटलाच जोडून येतं तिथं क्लॅम्प बसत नाही, मग सरळ टॅब आणि सीटला मागनं बांधायचा पट्ट्यांचा होल्डर. तेवढंच करणार असाल तर १२ व्होल्टच्या सॉकेटमध्ये चांगला यूएसबी चार्जर लावा, खालचं काहीच करायला नको.

आता करंटचं. काम खरं इथंच आहे. दहा इंची स्क्रीन साधारण १२ ते १८ वॅट खाते, दोन धरल्या तर ३६ वॅट, म्हणजे १२ व्होल्टला ३ अँपिअर. हे काही जास्त नाही, हेडलाइटच्या एका बल्बपेक्षा कमी. पण हा करंट चावी काढली की बंद झाला पाहिजे. लहान गाडीत बॅटरी ३५ अँपिअर-अवरची असते, बाराही महिने सप्लाय चालू असलेल्या जागेवरून घेतलात आणि स्क्रीन रात्रभर चालू राहिल्या तर सकाळी सेल्फ मारणार नाही. म्हणून फ्यूज बॉक्समध्ये असा स्लॉट शोधा जो चावी एसीसीवर (इंजिन बंद पण स्टीरिओ चालतो त्या खुणेवर) आली की चालू आणि चावी काढली की मेला. मल्टिमीटर नाहीतर साधा टेस्ट लॅम्प लावून दोन्ही वेळा तपासा, झाकणावरच्या चित्रावर नुसता विश्वास ठेवू नका. बहुतेक गाड्यांत लायटर सॉकेटचा फ्यूज यासाठी बरोबर पडतो, १५ अँपिअरचा निळा असतोय बऱ्याचदा (लाल म्हणजे १०, पिवळा म्हणजे २०). एअरबॅग, एबीएस (ब्रेकची यंत्रणा), ईसीयू (इंजिनचा कॉम्प्युटर), फ्युएल पंप यांच्या फ्यूजला हात लावायचा नाही म्हणजे नाही.

त्या स्लॉटमध्ये फ्यूज टॅप, म्हणजे वायर न कापता तिथनंच जादा लाइन काढून देणारा जोड, बसतो, अॅक्सेसरीच्या दुकानात याच नावानं मागा आणि जुना फ्यूज काढून बरोबर न्या, कारण मिनी, लो प्रोफाइल, मायक्रो असे साइज वेगळे असतात आणि चुकीचा टॅप दाबून बसवला तर स्लॉटची पात ढिली होते, ती परत आवळत नाही. टॅपमध्ये दोन खाचा असतात, एकात जुना फ्यूज परत घालायचा आणि दुसऱ्यात आपला नवीन, दोन स्क्रीनला ५ अँपिअरचा पुरे. टॅप कुठल्या बाजूनं घालायचा यालाही महत्त्व आहे. फ्यूज काढल्यावर स्लॉटच्या दोन पातींपैकी ज्या पातीत सप्लाय येतो त्या बाजूला टॅपचा बिनवायरीचा पाय आला पाहिजे. उलटा बसवला तरी स्क्रीन चालतात, म्हणून कुणाच्या लक्षात येत नाही, पण मग आपला करंट जुन्या फ्यूजमधूनही जातो आणि सॉकेटला हवा भरायचा पंप वगैरे लावला की तोच फ्यूज उडतो. वायर १ चौरस मिमीची, तांब्याची घ्या. निगेटिव्ह बॉडीला द्यायची, पण रंगावर नट आवळून अर्थ मिळत नाही, आतल्या पत्र्याचा कंपनीचाच अर्थचा बोल्ट शोधा आणि वायरीच्या टोकाला रिंग टर्मिनल क्रिंप करून (पक्कडीनं दाबून पक्कं करून) त्याखाली घाला. दोन्ही स्क्रीनचा अर्थ एकाच बोल्टवर द्या. गाडीच्या स्पीकरला आवाज जोडणार असाल तर रेस वाढली की जो कूं कूं आवाज येतो ना, तो बऱ्याचदा अर्थ वेगवेगळ्या जागी दिल्यामुळंच येतो.

तपासणी झाली की वायर ओढायच्या आधी १० नंबरच्या पान्यानं बॅटरीचं निगेटिव्ह टर्मिनल काढा आणि पाच-दहा मिनिटं तसंच थांबा. काही स्टीरिओ नंतर कोड मागतात, तो आधी शोधून ठेवा. वायर फ्यूज बॉक्सपासून दाराच्या उंबऱ्यावरच्या प्लास्टिक पट्टीखालून, मॅटच्या खालून पुढच्या सीटपर्यंत न्यायची, पट्टी बोटांनी वर ओढली की क्लिपा सुटतात. कापडी टेप गुंडाळून घ्या, नाहीतर वायर पत्र्यावर टकटक वाजत राहते. सीटखाली पोचलात की जरा थांबून बघा. तिथं पिवळे कनेक्टर दिसतील, ते एअरबॅगचे आणि बेल्टचे. ते काढायचे नाहीत, हलवायचे नाहीत, त्यांच्याबरोबर आपली वायर बांधायची नाही. एक जरी सुटला तरी मीटरवर एअरबॅगचा दिवा लागतो आणि तो घालवायला स्कॅनर लागतोय. आता बऱ्याच नवीन गाड्यांत सहा एअरबॅग येतात, त्यातल्या दोन पुढच्या सीटच्या पाठीत, दाराच्या बाजूला असतात. म्हणून वर चढणारी वायर हँडब्रेकच्या बाजूनं न्या, दाराच्या बाजूनं कधीच नको. आणि सीट पूर्ण पुढं, पूर्ण मागं सरकवून बघा, तेवढी वायर ढिली ठेवा, रुळात सापडली की सोलवटून शॉर्ट होते.

क्लॅम्पबद्दल मला जरा जास्तच काळजी वाटते आणि ती तुम्हीही करा. जोरात ब्रेक लागला तर मागच्या मुलाचं डोकं पुढच्या सीटच्या पाठीवरच येतं, कंपनीनं ती जागा मऊ ठेवलीय आणि आपण तिथंच लोखंड आणि काच लावतोय. स्वस्तातल्या क्लॅम्पच्या कडा धारदार असतात. दांड्यांमधलं अंतर जुळत नसेल तर बेळगावात उद्यमबागला एखाद्या टर्नरकडनं जाड पट्टी करून घ्या, कोपरे गोल मारून घ्या आणि कडेला रबर बीडिंग बसवा. स्क्रीन हातानं हलवली तर अजिबात डुलायला नको. मुलांचे बेल्ट तर लागलेच पाहिजेत, मागच्या सीटलाही १९४ बी कलमाखाली १००० रुपये दंड आहे, पण दंड राहू दे, मुलगा जागेवर बांधलेला असला तर स्क्रीनपर्यंत डोकं पोचत नाही, म्हणून बेल्ट.

आवाजाला हेडफोन द्या, ८५ डेसिबलच्या वर न जाणारे मुलांचे येतात ते. तुम्हाला मागचा हॉर्न ऐकू आला पाहिजे. पुढच्या स्टीरिओवरून व्हिडिओ मागं पाठवणार असाल तर त्याची हँडब्रेकची वायर असते, चालत्या गाडीत पुढचं चित्र बंद ठेवायला दिलेली. काहीजण ती सरळ अर्थला देऊन टाकतात म्हणजे चालवतानाही पुढं पिक्चर दिसतो. ते करू नका.

बाकी सगळं कार्डात आधीच भरून घ्या, जांबोटी सोडून कणकुंबीकडं लागलात की नेटवर्कचा भरवसा नाही. आणि चोर्ल्याच्या वळणांवर स्क्रीन बंदच ठेवा, डोळे एका जागी आणि कान सांगतोय गाडी वळतेय, यानंच पोरांना मळमळतंय. वंटमुरी, तवंदी घाटातही तेच. टॅब असेल तर गाडी उन्हात लावताना काढून घरात न्या, उन्हात तापून आतली बॅटरी फुगते.

फ्यूज बॉक्सच्या झाकणाचा आणि उघड्या बॉक्सचा असे दोन फोटो टाका, मॉडेल आणि साल पण लिहा, कुठला स्लॉट आधी तपासायचा ते सांगतो.