मुलगी तण गोळा करते म्हणून तिसऱ्यांदा नीट?

पत्र थोडक्यात असं. पुण्यात सिंहगड रोडला राहणारे एक वडील लिहितात की मुलीने नीट दोनदा दिली, दुसऱ्यांदा ३८६ मार्क पडले, आता ती म्हणते बॉटनी करणार आणि त्यातही गवताळ माळ आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पतींचा सर्व्हे आणि वर्गीकरण. "कझाकस्तानला जाऊन गवत बघणार म्हणते. सुट्टीत मामाकडे शिरोळला पाठवली तर चोपण (क्षार साचून नापीक) झालेल्या उसाच्या रानात तण गोळा करत बसली. क्लासचा ॲडव्हान्स भरलाय. तिसऱ्यांदा नीट द्यायला लावू की मॅनेजमेंट कोट्यातून बीएएमएस? तिला तुम्ही समजवा."

नमस्कार,

पत्र दोनदा वाचलं. मार्कांचं सोडा, त्यावर येते नंतर. तुम्ही जाता जाता एक ओळ लिहिली आहे, की तिने पेपरात दाबून ठेवलेला सगळा पालापाचोळा तुम्ही रद्दीत देऊन टाकला, म्हणजे विषय डोक्यातून जाईल. आणि पुढे लिहिलंय, "ती काहीच बोलली नाही, म्हणजे तिलाही पटलं असावं."

नाही हो. पटलं नाही. एकोणीस वर्षांची मुलगी असं काही झाल्यावर भांडत नाही, रडत नाही, गप्प खोलीत जाते, याचा अर्थ तिने तुम्हाला सांगणं बंद केलंय. माझ्याकडे येणारे बरेच पालक इथेच फसतात, मुलगी शांत आहे म्हणजे सगळं सुरळीत आहे असं धरून चालतात आणि मग सेकंड इयरला कळतं की ती कॉलेजलाच जात नाहीये.

आणि तो पालापाचोळा नव्हता. तुम्हीच लिहिलंय की प्रत्येक पेपरात एक चिठ्ठी होती, तिच्यावर गाव, तारीख, "पांढरी साय आलेली जमीन", "चरापासून दहा पावलं" असं काहीबाही. त्या काहीबाहीलाच किंमत असते. नुसतं वाळलेलं झाड म्हणजे कचरा, हे मान्य, पण कुठून, कधी आणि कशा जमिनीतून घेतलं हे लिहिलं की ती नोंद होते. कोरेगाव रोडला बॉटनिकल सर्व्हे ऑफ इंडियाचं पश्चिम विभागाचं ऑफिस १९५५ पासून आहे, तिथे कपाटंच्या कपाटं अशा नोंदींनी भरलेली आहेत, आणि सरकार पगार देऊन माणसं ठेवतं ती सांभाळायला. तुमच्या मुलीने हे कुणी न शिकवता केलं, आणि तुम्ही ते किलोच्या भावाने विकलंत. मला हे सौम्य शब्दांत लिहिता आलं असतं, मुद्दाम लिहीत नाही.

बाकी पत्रात काय आहे, तर साडूंचा मुलगा मिरजेला एमबीबीएस करतोय, सोसायटीत लोक विचारतात, गावी काय सांगायचं. बघा, साडूंना काय सांगायचं हा तुमचा प्रश्न आहे आणि तुम्ही तो मुलीला सोडवायला लावताय, तोही फिजिक्सच्या पेपरात. आन्सर की वरून तुम्हीच मार्क काढून पाठवलेत: बायोलॉजी २८१, केमिस्ट्री ७२, फिजिक्स ३३. दोन वर्षं क्लास करून फिजिक्स ३३ वर अडकलं असेल तर तिसऱ्या वर्षी ते १५० होणार हे क्लासवाल्यांशिवाय कुणीच सांगणार नाही. बायोलॉजीत मात्र ३६० पैकी २८१, तेही मन लागत नसताना. आणि बीएएमएस चांगला कोर्स आहे, ज्याला वैद्य व्हायचंय त्याच्यासाठी. हिला व्हायचं नाहीये. कोट्याची फी भरून साडेपाच वर्षं तिला तिथे बसवायचं कशासाठी, नावापुढे डॉक्टर लागावं म्हणून? त्यामुळे तुमच्या दोन्ही पर्यायांना माझं उत्तर नाही असंच आहे.

आता तुमचा एक गैरसमज. तुम्ही म्हणता, "आजकाल मोबाईलवर फोटो काढला की झाडाचं नाव येतं, मग याची डिग्री कशाला?" नाव येतं, बरोबर, आणि बऱ्याचदा चुकीचं येतं, गवताच्या बाबतीत तर फारच. पण समजा अगदी अचूक आलं तरी ते काम सुरू व्हायच्या आधीचं काम आहे. तुमच्या मुलीला जे करायचंय त्यात एका झाडाचं नाव हा मुद्दाच नसतो, कोण कोणासोबत राहतं हा मुद्दा असतो. जमिनीवर एक चौकट आखायची, आतली प्रत्येक जात लिहायची, कुणी किती जागा व्यापली आहे ते अंदाजाने ठरवायचं, पाच टक्क्यांच्या आत असेल तर १, पंचवीसपर्यंत २, असं पाचपर्यंत. ब्राउन-ब्लांके नावाच्या स्विस माणसाची ही पद्धत, शंभर वर्षं होत आली तरी युरोपभर चालते. अशा शेकडो चौकटी झाल्या की कॉम्प्युटरवर त्यांची मांडणी करून बघायचं की कुठल्या जाती सारख्या एकत्र येतात, त्यावरून वनस्पतींचे समूह ठरतात, त्यांना रीतसर नावं दिली जातात आणि त्या नावांचे नियम आहेत, भांडणंही आहेत. खाऱ्या जमिनीत तर हे फार ठळक दिसतं. हंगेरीत होर्तोबाजचं गवताळ मैदान आहे, तिथे टाचेएवढ्या उंचसखलपणाने झाडोरा बदलतो, कारण क्षाराचा थर किती खोल आहे आणि पाणी किती दिवस साचतं ते बदलतं. लांब कशाला, मामांच्या रानातच बघा, वर्षानुवर्षं पाटाने भरमसाट पाणी, निचरा नाही, खालची पाणीपातळी वर आली, पाणी उडून गेलं आणि मीठ वर राहिलं. ऊस जळाला तिथे हरळी तग धरून असेल, आणखी पांढरं झालं तिथे हरळीही नसेल, वेगळंच काहीतरी असेल. मुलगी दहा-दहा पावलं मोजून हेच लिहीत होती. माती परीक्षणाचा रिपोर्ट यायच्या आधी जमीन कुठे किती बिघडली हे ती झाडांवरून वाचायला बघत होती, आणि हे कुठलं ॲप सांगतं ते मला कळवा.

तुम्हाला वाटतं हे परदेशी खूळ आहे, म्हणून एक सांगते. आगरकर रस्त्यावर आघारकर संशोधन संस्था आहे (रिक्षावाल्याला दोन्ही नावं नीट सांगा), ज्यांचं नाव तिला दिलंय ते शं. पु. आघारकर मूळचे मालवणचे, आणि त्यांनी बर्लिनला जाऊन जी डॉक्टरेट केली तिचा विषय होता वायव्य भारतातल्या कोरड्या आणि खाऱ्या जमिनीवरच्या वनस्पती, त्यांच्या बिया पसरतात कशा आणि त्या आल्या कुठून. १९२० ला ते जर्मनीत छापून आलं. म्हणजे मराठी माणसाने या विषयात शंभर वर्षांपूर्वी नाव काढलंय, तुमच्या मुलीने नवीन वेड शोधलेलं नाही.

रस्ता नेहमीचाच: बीएस्सी बॉटनी, एमएस्सी (गरवारे कॉलेजला बायोडायव्हर्सिटीचंही आहे), मग नेट-जेआरएफ (संशोधनासाठी महिन्याला पैसे मिळवून देणारी परीक्षा) किंवा गेटचा इकॉलॉजीचा पेपर, वनसेवेत जायचं असेल तर यूपीएससी. बास.

पैशाचं खोटं बोलणार नाही. बॉटनिकल सर्व्हेत कायमच्या जागा थोड्या आणि कधी निघतील याचा भरवसा नाही. जेआरएफ मिळाली तर महिना ३७,००० आणि घरभाडं, ती मिळेपर्यंत प्रोजेक्टवर कमी पैशात, सहा-सहा महिन्यांच्या ऑर्डरवर काम. कन्सल्टन्सी आहे, मोठ्या प्रकल्पांना २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे पर्यावरण अहवाल लागतो आणि तो करणाऱ्या कंपनीला इकॉलॉजीचा मान्यताप्राप्त माणूस ठेवावा लागतो, पगार बरा असतो, पण मागच्या रिपोर्टमधली झाडांची यादी नवीन रिपोर्टला चिकटवा म्हणणारे साहेबही तिथेच भेटतात. क्षारपड जमिनीवर काम करणारी मोठी संस्था कर्नालला आहे, आणि भावनगरच्या सॉल्ट अँड मरीन केमिकल्स संशोधन संस्थेने तर खाऱ्या झाडापासून खायचं मीठ बनवून दाखवलंय. म्हणजे दारं आहेत, पण तिशीपर्यंत तिचा पगार साडूंच्या मुलाएवढा होणार नाही, ही तयारी घरी असायला हवी.

आता चार शब्द तिच्यासाठी, हे तिला वाचायला द्या, तुमच्या शब्दांत सांगू नका.

बाळा, कझाकस्तान आत्ता राहू दे. सासवड, सुपे, इंदापूरकडचा माळ तुझ्या घरापासून एका दिवसात जाऊन येण्याएवढा आहे, तिथली मारवेल, पवन्या, कुसळी ही गवतं फूल नसतानाही हाताने ओळखता येईपर्यंत जात राहा. सरकारी कागदावर असली कितीतरी जमीन पडीक म्हणून लागलेली आहे, त्यामुळे तिथे सोलर लावतात, झाडं लावतात, नि गवत जातं. खारं बघायचं तर उरण-अलिबागच्या खाडीला जा, तिवरांच्या मागे मोरस दिसेल, त्याची भाजी करतात तिकडे आणि मीठ बेतानेच टाकतात. लोणारचं तळं आहे. पुढे कधीतरी लडाखचं चांगथांग पठार, तिथे खरंखुरं स्टेप (थंड, कोरडं गवताळ मैदान) आहे आणि त्सो कार तळ्याच्या काठावर पांढरी मिठाची साय, पासपोर्ट लागत नाही. आणि गणित नको म्हणून बॉटनी घेत असशील तर घेऊ नकोस, या कामात स्टॅटिस्टिक्स रोज लागतं, आर (आकडेमोडीची कॉम्प्युटर भाषा) शिकावंच लागतं, फिजिक्सच्या ३३ मागे आकड्यांची भीती असेल तर ती आधी घालवावी लागेल. शिवाय उन्हात वाकून दिवसभर चौकटी मोजायच्या, आजूबाजूला बाथरूम नाही, गावातली माणसं येऊन विचारणार काय शोधताय, जमीन घेताय का. हे सगळं एक आठवडा करून बघ आणि मग ठरव.

आणि बाबा, तुम्ही एक करा. मामांना फोन लावा, शिरोळला जाताना तिच्यासोबत जा, दिवसभर ती सांगेल ते लिहून घ्यायचं काम करा, सल्ला द्यायचा नाही. ॲडमिशनच्या तारखा त्याआधी बघून ठेवा, ऑटोनॉमस कॉलेजांचे फॉर्म वेगळे असतात आणि लवकर बंद होतात. क्लासचा ॲडव्हान्स परत मागा, फोनवर नाही, लेखी अर्ज द्या आणि त्यावर पोच घ्या, बॅच सुरू व्हायच्या आधी मागितलात तर मिळायची शक्यता जास्त.