उष्मादायी, उष्माग्राही आणि 'सुटणारी' ऊर्जा

नागपुरात नववी-दहावीला विज्ञान शिकवणाऱ्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. मराठी पाठ्यपुस्तकात 'उष्मादायी' (उष्णता बाहेर टाकणारी अभिक्रिया) आणि 'उष्माग्राही' (उष्णता शोषून घेणारी) हे शब्द आहेत, तर हिंदी माध्यमातून आलेली मुलं 'ऊष्माक्षेपी' आणि 'ऊष्माशोषी' म्हणतात. यांतले नेमके कोणते? सोपा 'उष्णता' असताना 'उष्मा' कशाला? आणि त्यातला उ ऱ्हस्व की दीर्घ?

चारही शब्द बरोबर आहेत. मराठी वर्गात मात्र मी दायी-ग्राहीच ठेवीन, कारण फलदायी, आनंददायी, गुणग्राही हे शब्द मुलांच्या कानावरून गेलेले असतात. 'एक्सोथर्मिक' आणि 'एन्डोथर्मिक' ही मूळ जोडी रूढ केली ती एकोणिसाव्या शतकातल्या मार्सेलँ बर्थेलो या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने. त्याच्या शब्दांतलं ग्रीक 'एक्सो' म्हणजे बाहेर, 'एन्डो' म्हणजे आत. म्हणजे ते शब्द उष्णतेची दिशा सांगतात. आपले शब्द देणारा-घेणारा सांगतात. तिथेच वर्गात घोळ होतो. बादलीभर पाण्यात यूरिया ढवळला की बादली गार लागते. अशा वेळी एखादा पोरगा हमखास म्हणणार, "मॅडम, हे तर थंडी देऊन राहिलं, मग हे दायी नाही का?" प्रश्न रास्त आहे. 'दायी'मध्ये कोण कोणाला देतं, हे शब्दाने सांगितलेलंच नाही! म्हणून आधी दोन पक्ष फळ्यावर लिहावेत: एकीकडे अभिक्रिया, दुसरीकडे परिसर. पाणी, बादली, हात हे सगळे परिसरात. यूरियाने विरघळताना त्यांच्याकडून उष्णता घेतली, म्हणून ते गार झाले.

अर्थात यूरिया विरघळणं ही रासायनिक अभिक्रिया नव्हे; तिथे 'उष्माग्राही प्रक्रिया' म्हणावं. आपल्याकडे नवतपा (कडक उन्हाचे नऊ दिवस) सुरू झाला की घरोघरी घरघरणारा कूलरही याच जातीचा. किलोभर पाण्याची वाफ होताना हवेतून सुमारे 2400 किलोज्यूल उष्णता घेतली जाते. अस्सल अभिक्रियाच दाखवायची तर चुन्यासारखं उदाहरण नाही, कारण दोन्ही शब्द त्याच्या एकट्याच्या गोष्टीत येतात. भट्टीत चुनखडी भाजून कळीचा चुना करताना दर मोलला (मोल हे रसायनशास्त्रातलं पदार्थ मोजायचं माप) सुमारे 178 किलोज्यूल द्यावे लागतात. त्याच कळीच्या चुन्यावर पाणी पडलं की दर मोलला सुमारे 65 किलोज्यूल बाहेर येतात आणि भांडं चटका देतं. (प्रयोग शिक्षकांनीच करावा, डोळ्यांवर चष्मा लावून.)

आता उष्णता की उष्मा. 'उष्णता' हा शब्द चांगलाच आहे. कोराडी, खापरखेड्याची 'औष्णिक' विद्युत केंद्रं 'उष्ण' याच शब्दावरून आली. पण घरात 'उष्णता' वेगळ्याच अर्थाने नांदते: पपई उष्ण, ताक थंड, अंगात उष्णता वाढली, तोंड आलं. परिभाषेसाठी थोडा बाजूचा शब्द घेतला ते बरंच झालं. तरी समजावून सांगताना "उष्णता बाहेर पडते" असंच बोलावं. "उष्मा निर्गमित होतो" असलं काही वर्गात बोलू नये, मुलं झोपतात.

प्रश्नात नसलेली, पण मला जास्त महत्त्वाची वाटणारी गोष्ट क्रियापदाची आहे. आपण सर्रास म्हणतो, "ऊर्जा सुटते." मराठीत गाठ सुटते, दावं सुटतं, अणूंना जोडणारा बंधही सुटतो. मग मुलाच्या डोक्यात दोन वाक्यं एकमेकांना चिकटतात: बंध सुटला, म्हणून ऊर्जा सुटली. जणू ऊर्जा बंधात कोंडलेली होती. जीवशास्त्राच्या तासाला एटीपीचे (पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या रेणूचे) 'ऊर्जेने भरलेले बंध' ऐकले की ही समजूत पक्कीच होते.

खरं उलट आहे. बंध तोडायला ऊर्जा लागते, बंध जुळताना ती बाहेर पडते. हायड्रोजन आणि क्लोरीनपासून हायड्रोजन क्लोराइड होतं, ते घ्या. एक मोल हायड्रोजनचे बंध तोडायला 436 किलोज्यूल लागतात, एक मोल क्लोरीनचे तोडायला सुमारे 242; खर्च 678. हायड्रोजन क्लोराइडचा बंध जुळताना दर मोलला सुमारे 431 मिळतात, आणि दोन मोल तयार होतात, म्हणजे 862. वजाबाकी केली की 184 उरतात, तेवढे परिसराला जातात. म्हणून ही अभिक्रिया उष्मादायी. एटीपीचंही तसंच: पाण्याशी अभिक्रिया होऊन जे नवे बंध जुळतात, त्यांच्या हिशेबात ऊर्जा मिळते, जुना बंध नुसता तुटल्याने नाही.

तेव्हा माझी सूचना अशी: बंधाबद्दल बोलताना 'सुटणे' हे क्रियापद बाजूला ठेवावं. तोडायला 'लागते', जुळताना 'बाहेर पडते' एवढी जोडी पुरते. 'लागणे' हे तर खर्चाचं खास मराठी क्रियापद, मुलांना फोड करून सांगावं लागत नाही.

राहता राहिला उ. संस्कृतात उष्म आणि ऊष्म अशी दोन्ही रूपं आहेत. हिंदीने दीर्घ घेतलं, आपल्या पाठ्यपुस्तकाने ऱ्हस्व. मराठी माध्यमाच्या मुलांनी पुस्तकाप्रमाणे 'उष्मा' लिहावं. एखाद्याने दीर्घ लिहिलं तर गुण कापू नयेत. 'ऊर्जा' मात्र कायम दीर्घ. 'उर्जा' ही पाटी कितीही ठिकाणी दिसली तरी चूक ती चूकच.